लोखंडी क्रेन

तुमच्या मुलाचे हे प्लॅस्टिकचे ठोकळे बघून आमच्या वडिलांची, अण्णांची आठवण झाली. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. नाशिकजवळ सातपूरच्या एका कारखान्यात त्यांचा डावा हात प्रेस मशीनखाली सापडला आणि बोटं गेली. त्याआधी सुट्टीच्या दिवशी ते खेळण्याच्या संचातल्या लोखंडी पट्ट्या नि नटबोल्ट जोडून क्रेन करायचे, पूल करायचे. अपघातानंतर तो संच माळ्यावर गेला. अण्णा कुणाची मदत घेईनात. आई बटणं लावायला आली तरी हात झटकायचे.

ताईने मुंबईहून असे ठोकळे आणले. म्हणाली, "अण्णा, हे नुसते दाबले की बसतात. एका हाताने जमतं."

अण्णांनी त्यांचं घर बांधलं. मग म्हणाले, "छान आहे गं. पण यातलं काही फिरत नाही."

त्यांनी मला माळ्यावरून संच काढायला लावला. पट्टीत बोल्ट घातला आणि थांबले. मागून नट धरायला डाव्या हाताला बोटं नव्हती. ताई पुढे सरकली, तर मानेनेच नको म्हणाले. स्वयंपाकघराकडे बघून हाक मारली, "अगं, जरा इकडे ये. हा नट धर."

आई पिठाच्या हातांनीच आली. अण्णांनी बोल्ट पिळला.

"झाला घट्ट. सोड आता."

आईने सोडला नाही.