क्लोरिंदाचा पाद्रीनो लिमाला चाललाय

आजच्या कार्यक्रमाच्या अध्यक्षा आणि आमच्या आरोग्य कार्यालयाच्या प्रमुख डॉक्टर ओर्तेन्सिया वेलार्देबाई, आवर्जून आलेले नगराध्यक्ष श्री. रूफिनो पालोमीनो, यानापुक्यो गावाच्या पाणी समितीच्या अध्यक्षा आणि पहिल्या रांगेत नवी शाल पांघरून बसलेल्या इलारियाआई, आजचे उत्सवमूर्ती इंजिनिअर विल्डर आंकासी, ज्यांच्या केसांत तुम्ही एवढा रंगीत कागदाचा चुरा टाकलाय की मेणबत्ती लावायची तेवढी बाकी आहे, आणि समोर बसलेल्या, मागे उभ्या असलेल्या, भाजलेल्या गिनीपिगचा, म्हणजे आपल्या कुयचा, वास घेत माझं भाषण कधी संपतंय याची वाट बघणाऱ्या सगळ्यांना माझा मनापासून नमस्कार.

माझं नाव नेलिदा. विल्डरच्या शेजारचं टेबल माझं. आम्ही एकाच कॉलेजात शिकलो, एकाच दिवशी या ऑफिसात लागलो, आणि काम पण एकच: गावोगावी जायचं, शेवटच्या घराच्या नळाचं पाणी घ्यायचं आणि ते सरकारी नियमात बसतंय का ते बघायचं. बसलं नाही तर नळावर लाल पाटी लावायची, 'पिण्यास अयोग्य'. थोडक्यात, आम्ही आलो की कुणाला आनंद होत नाही.

म्हणजे, मी आले की होत नाही. विल्डर आला की होतो.

डॉक्टरबाईंनी मला सांगितलंय, नेलिदा, विल्डरचे गुण सांग. सांगते ना. मला ते तोंडपाठ आहेत. जळणाऱ्या माणसाला समोरच्याचे गुण जितके पाठ असतात तितके त्याच्या आईलासुद्धा नसतात. हसू नका, मी खरंच सांगतेय. लिमाच्या मोठ्या ऑफिसात जी जागा विल्डरला मिळाली, देशभरातल्या पिण्याच्या पाण्याचे नियम लिहिणारी, त्या जागेसाठी मी पण अर्ज केला होता. आम्ही दोघं एकाच बसने इंटरव्ह्यूला गेलो. त्यांनी मला विचारलं, तुमच्या गावांचे रिपोर्ट असे का? मी बोलत बसले. त्यांनी विल्डरला विचारलं, तुमच्या गावाचे रिपोर्ट इतके सुंदर कसे? तो म्हणाला, "लोकसहभाग." एक शब्द. आणि जागा त्याची.

आता लोकसहभाग म्हणजे काय, ते मी सांगते, कारण मी तिथे होते.

यानापुक्योच्या डोंगरावर झऱ्याच्या पाण्याची टाकी आहे. तिच्यावर क्लोरीनची एक छोटी टाकी बसवली, थेंब थेंब पडणारी. आपल्याकडे नवीन काही सुरू करायचं म्हणजे काय लागतं? पाद्रीनो लागतो. धर्मबाप. बाळाला लागतो, घराच्या छपराला लागतो, ट्रॅक्टरला लागतो, मग क्लोरीनच्या टाकीला का नाही? रिबिनीला बाटली टांगलेली, ती फोडायला हातोडी तयार, बँड वाजतोय. इलारियाआई आधी माझ्याकडे आल्या. हे नीट ऐका, आधी माझ्याकडे आल्या. "सेन्योरिता, तुम्ही होता का हिची माद्रीना, धर्मआई?"

आणि मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, "आई, नियमात बसत नाही. ज्यांचं पाणी आम्ही तपासतो त्यांच्याशी आम्हाला नातं जोडता येत नाही." नियम बरोबरच आहे. ज्याच्या घरचं बारसं जेवलो त्याच्या नळावर लाल पाटी लावताना हात जड होतोच.

मग त्या विल्डरकडे गेल्या. विल्डरच्या तोंडात अख्खी कुयची तंगडी. बँड इतक्या जोरात की शेजारचं ऐकू येईना. त्याला वाटलं, आई विचारतायत अजून चटणी वाढू का. त्याने जोरजोरात मान हलवली. झालं. हातात हातोडी आली. तरी याला कळेना. मला म्हणतो, "हे कशाला? पाइप तपासायचाय का?" मी काही म्हणायच्या आत त्याला बाटलीसमोर उभं केलं, बाटलीतली चिचा, मक्याची दारू, सगळ्यांच्या अंगावर उडाली आणि साहेब पाद्रीनो झाले.

डॉक्टरबाई, तुम्ही तेव्हा तिथेच होतात. तुमचं म्हणणं, डोळ्यात कागदाचा चुरा गेला होता म्हणून काही दिसलं नाही. आम्ही मान्य केलंय.

आणि टाकीचं नाव काय ठेवलं? क्लोरिंदा. क्लोरीनवरून. इलारियाआईंच्या आत्याचं पण तेच नाव होतं, त्यामुळे गावात कुणाची हरकत नव्हती.

त्यानंतरचं तुम्ही सगळे जाणता. बाकी गावांत लोक क्लोरीनला नावं ठेवतात. हॉस्पिटलचा वास येतो, बटाटे उकडले की चव जाते, गाय तोंड लावत नाही. राक्रापाता, माझं गाव, म्हणजे माझ्याकडे असलेलं, तिथे मी काय नाही केलं? पोस्टर केली. बाहुल्यांचा खेळ केला, त्यात जंतू मीच झाले. गाणं म्हटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मला मका खायला दिला आणि माझी पाठ वळली की क्लोरीनचा व्हॉल्व्ह बंद. सॅम्पलमध्ये गोळी टाकायची, क्लोरीन असेल तर पाणी गुलाबी होतं. विल्डरची ट्यूब कायम गुलाबी. माझी कोरी. तुम्हाला सांगते, मला गुलाबी रंगाचा स्वेटर घालवत नाही आता.

आणि यानापुक्योत? तिथे क्लोरीन संपलं असं कुणी म्हणतच नाही. "क्लोरिंदा जेवली का?" असं विचारतात. टाकी भरायची पाळी ज्याची असेल तो अंघोळ करून जातो. एकदा एक आजोबा कुरकुरले, पाण्याला वास मारतो. इलारियाआई त्यांना म्हणाल्या, "तुमच्या तोंडाला तर कधीपासून मारतो, आम्ही टाकलं का तुम्हाला?" संपला विषय. पाद्रीनोची पोर उपाशी ठेवली तर गावाची लाज जाते. माझ्या सगळ्या पोस्टरांत मिळून एवढी ताकद नव्हती.

म्हणजे बघा, नियम मी पाळला आणि पाणी त्याचं शुद्ध झालं. आणि नियम लिहायला लिमाला कोण चाललाय? तो. आणि तिथल्या साहेबांनी याला पहिलंच काम काय दिलं असेल? तपासणाऱ्यांनी कसं वागावं याचे नवे नियम. त्याने कच्चा मसुदा मला पाठवला, कारण विल्डरचं स्पेलिंग तुम्हाला माहितीये. त्यात स्वच्छ लिहिलंय: तपासणी करणाऱ्याने तपासणीखालच्या कोणत्याही पाणीयोजनेचा पाद्रीनो होऊ नये. विल्डरनेच लिहिलंय. 'पाद्रीनो' चुकीचं लिहिलं होतं. मी सुधारलं.

तर मी काय सांगत होते. हां, गुण.

मागच्या आठवड्यात मी यानापुक्योला गेले. विल्डरचं गाव आता माझ्याकडे येणार, म्हणून म्हटलं ओळख करून घेऊ. शेवटचं घर इलारियाआईंचंच. मी नळ सोडला, पाणी घेतलं, गोळी टाकली. मनात म्हटलं, चला, आज माझ्या पण हातात गुलाबी ट्यूब.

कोरी.

मी पुन्हा घेतलं. पुन्हा कोरी. मी विचारलं, "इलारियाआई, क्लोरीन कुठे गेलं?"

त्या कणसं सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "क्लोरिंदा जेवत नाही."

"जेवत नाही म्हणजे?"

"बाप लिमाला चाललाय. पोर रुसलीय."

"व्हॉल्व्ह कुणी बंद केला?"

"तिनंच केला असेल. मोठी झालीय आता."

"आई, मला लाल पाटी लावावी लागेल."

"लावा की. मोठी लावा. लिमातून दिसेल अशी."

तेव्हा मला कळलं. पाटी लागली की डॉक्टरबाईंना कळणार, डॉक्टरबाई विल्डरला थांबवणार, असा तो सगळा हिशोब होता. अख्ख्या गावाने एका माणसासाठी आपलं चांगलं पाणी बिघडवलं होतं. मला राग यायला हवा होता. मी सरकारी तपासनीस आहे. पण मला पहिलं काय वाटलं सांगू? मी बदलून गेले तर माझ्यासाठी कुणी व्हॉल्व्ह बंद करेल का? राक्रापातात तर करताच येणार नाही, तो आधीच बंद आहे.

मग त्यांची नात रांगत आली आणि नळाखालच्या दगडाला धरून उभी राहिली. ओला हात तोंडात. माझं सगळं जळणं तिथे थांबलं. मी विचारलं, "हिला काय पाजता?"

"उकळून देतो."

"आणि शेजारी? सगळे उकळतात?"

 खाली आरोग्य केंद्रात त्यांच्याच गल्लीतली दोन पोरं जुलाबानं आली होती, ते त्यांनाही माहीत होतं. पोरं बरी आहेत आता, काळजी नको. पण तेव्हा त्यांच्या हातातलं कणीस थांबलं.

मी म्हटलं, "आई, पाद्रीनो लांब गेला म्हणून नातं तुटतं का? तुमच्या मुलाचा पाद्रीनो खाणीवर होता ना?"

"वाढदिवसाला यायचा. वाढदिवसाला येतो तो पाद्रीनो. न येणारा नुसता इंजिनिअर."

"मग हा पण येईल. माझा शब्द."

त्या म्हणाल्या, आणि वाईट हेतूने नाही म्हणाल्या, "तुमचा शब्द काय करू, सेन्योरिता? तुम्ही क्लोरिंदाच्या कोण? त्याचा आणा."

मी पाटी लावली. लावावीच लागते. लोक नळाजवळ उभे राहून बघत होते. कुणी अडवलं नाही. ती पाटी अजून तिथेच आहे. आत्ता आपण इथे बसलोय आणि यानापुक्योत व्हॉल्व्ह बंद आहे. म्हणून मी हे सगळं जेवणाआधी सांगतेय. विल्डरला मी एकट्याला गाठून विचारू शकले असते, पण तो सगळ्यालाच हो म्हणतो आणि नंतर विचारतो, कशाला हो म्हटलं? म्हणून म्हटलं, हॉल भरलेला असू दे.

अजून एक. आज दारात इलारियाआईंनी मला थांबवलं. म्हणाल्या, "तो नाही म्हणाला तर तुम्ही व्हा माद्रीना. बाईमाणूस आहात, पोरीला बरं." मागे बायका लगेच खुसखुसल्या, की मग माद्रीनाचं पाद्रीनोशी लग्न पण लावून टाकू. ते जाऊ द्या.

मला किती हवं होतं म्हणून सांगू. कुणीतरी येऊन सांगावं की पोर तुमच्यासाठी रुसलीय. मी डोंगर चढत यावं आणि लोकांनी नळ पुसून ठेवावा, मान वळवू नये. मी नाही म्हटलं. परत. कारण दर महिन्याला त्या नळाचं पाणी मीच घेणार आहे, आणि ट्यूब कोरी निघाली तर पाटी लावणारी बाई पोरीची नातेवाईक असून चालणार नाही.

पण विल्डर, तुझं तसं नाही. सोमवारपासून तू इथला तपासनीस नाहीस. मी तुझा मसुदा दोनदा वाचलाय. तू लिहिलंयस, 'तपासणीखालच्या' योजनेचा. तुझ्या तपासणीखाली आता एकही नळ नाही. म्हणजे तुझ्याच नियमाने तू आता खुशाल पाद्रीनो. मी नाही. लिमा पण तुला आणि पोर पण तुला. घे.

तर सगळ्यांसमोर विचारते. ऑगस्टमध्ये क्लोरिंदाचा वाढदिवस असतो. दर वर्षी येशील? भेट म्हणून केक नको, व्हॉल्व्हचा नवीन सेट आण, तिकडे चांगला मिळतो. येशील का? मान हलवू नकोस, माईकमध्ये बोल.

"येईन" म्हणाला. मागे ऐकू आलं?

इलारियाआई, तुम्ही ऐकलंत? काय म्हणताय? मोठ्याने बोला. त्या म्हणतायत, "ऐकलं. उद्या जेवेल पोर." उद्या नाही आई, घरी गेल्या गेल्या. तुमच्या मुलाला फोन लावा, तो टाकीपाशीच राहतो. हो, आत्ता. आम्ही थांबतो. नगराध्यक्ष साहेब, थोडं थांबूया, कुय कुठे पळत नाही, तो भाजलाय.

लागला? उघडायला सांगितलं? छान.

मी या आठवड्यात येईन पाणी घ्यायला. कधी ते सांगणार नाही. गुलाबी झालं तर पाटी मीच काढीन, आणि काढताना कुणी आसपास नसलं तरी चालेल.

विल्डर, तुझ्याबद्दल मला जे वाटतं ते आजही वाटतंय, ते लिमाला गेल्याने कमी होईल असं मला वाटत नाही. नीट जा. पत्रव्यवहारात स्पेलिंग बघ, नाहीतर मला पाठव. डॉक्टरबाईंनी मला बोलायची संधी दिली, नगराध्यक्षांनी हॉल दिला, यानापुक्योच्या बायकांनी पहाटेपासून उठून स्वयंपाक केला, आणि तोही उकळलेल्या पाण्यात, त्याबद्दल सगळ्यांचे आभार. माझ्या बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर मोठ्या मनाने माफ करा. पाण्यात झालं तर मी करणार नाही.