तुम्ही तग कसा धरता?

परळला गिरणी कामगारांच्या दवाखान्यात, रांगेत माझ्यापुढे उभ्या असलेल्या बाईंना वही घेतलेल्या एका विद्यार्थ्यानं गाठलं.

"बाई, मी कल्याणकारी राज्यावर पीएच.डी. करतोय. काही प्रश्न विचारू?"

"विचारा की. रांग कुठं हलतेय."

"नाव?"

"बकुळा भिवा तांबे. मशिनीत बोट चिरडलं, रजेच्या कागदावर डॉक्टरची सही पायजे. ही तिसरी खेप. पहिल्यांदा डॉक्टर नव्हते, दुसऱ्यांदा संयुक्त महाराष्ट्राचा हरताळ होता. आज नाही मिळाली तर माझ्या जागी दुसरी बाई लागेल."

"अशा वेळी तुम्ही लोक तग कसा धरता? आमचे सर म्हणतात, गिरणगावच्या माणसांत विलक्षण चिवटपणा असतो."

"बरं झालं सांगितलंत. सर कधी आले होते इकडं?"

"नाही, त्यांना गर्दी सोसत नाही. ते गिरगावातच असतात. मी दर रविवारी त्यांच्या घरी जातो."

"मग शिकवतात?"

"बहुतेक वेळा झोपलेले असतात. मी बाहेर बाकावर बसतो. माझं पहिलं प्रकरण दोन वर्षं त्यांच्या उशाशी पडलंय."

"दुसरे सर बघा की."

"तसं नाही जमत. प्रबंधावर त्यांचीच सही लागते."

"किती वर्षं झाली?"

"पाच."

"मग एवढ्या लांब कशाला आलात, भाऊ? बाकावर बसल्या बसल्या तुमचंच लिहून काढा. नाव तेवढं माझं घाला."