रोज गायब होणारी नोंद

शहाण्या माणसायचं काही सांगू नका मले! आसेगावात माझं ऑनलाइन सेवा केंद्र हाय. तिथलं अंगठ्याचं मशीन रोज बंद पडे. विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हंजे कॉम्प्युटरच्या आतल्या वहीत, त्या मशीनची एक नोंद लागते. वाशीमचा कॉम्प्युटरवाला ती टाकून जाये आन् दुसऱ्या दिवशी ती गायब!

हिरूबाई पेन्शनसाठी हयातीचा अंगठा द्यायले तीनदा आली. "जित्ती हाव हे दाखवाले किती चकरा मारू, बाई?" म्हणे. मले लाज वाटली.

आन् हा कॉम्प्युटरवाला मलेच दटावे, "म्याडम, तुमी कायबी दाबता."

चौथ्या दिवशी त्याले बाजूले बसवलं, कॉम्प्युटर चालू केला आन् हात मांडीवर ठेवले. पडद्यावर आपोआप आलं : सफाई पूर्ण, फालतू नोंदी काढल्या.

"हे सफाईचं सॉफ्टवेअर कोनं टाकलं?" मी विचारलं.

"मीच! पाहा, किती चोख काम करून राह्यलं!"

ते मी त्याच्यादेखतच काढून टाकलं. त्याले नोंद परत टाकाले लावली, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. नोंद टिकली, हिरूबाईचा अंगठा लागला. मंग त्याले म्हटलं, "सर, खरी सफाई आता झाली. या तुमी."