प्याद्याची मात

चूक तात्याची. कुंडलिक तात्याची, माझ्या सख्ख्या चुलत्याची — दुसऱ्या कुणाची न्हाय. बस की, उभा का? बाकडं हॉटेलवाल्याचं हाय, माझ्या बापाचं न्हाय. बुद्धिबळाचा पट आणलायस ना, मग मांड, दाखवतो तो स्पर्धेतला शेवटचा डाव. मानसिंग, तू गिरणीकडनं पुण्याला खेळायला चाललायस, आणि ज्याच्या हातनं हरता हरता वाचलास त्यालाच विचारायला आलास की माझं कुटं चुकलं — तुझी अक्कल माझ्यापेक्षा बरी, एवढं मान्य. मला आसलं कुणाला विचारायचं कधी सुचलं न्हाय. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला सर म्हणले नापास, मी म्हणलो बरं, आणि दुष्काळाच्या कामावर खडी फोडायला गेलो. तितंबी मुकादम म्हणला, हात मास्तरासारखे हायत तुझे. घे, म्हंजे खडीतबी नापास.

सुरुवातीचं थोडक्यात सांगतो. तू वजीर लौकर बाहेर काढलास. मी घोड्यानं त्याला पिटाळलं, उंटानं पिटाळलं, आणि त्या पळापळीत माझी मोहरी घरातनं बाहेर आली, तुझी घरातच बसली. हितं चुकलास तू. वजीर म्हंजे घरातला कर्ता माणूस — गडबडीनं दारात उभा केला की जो तो त्यालाच दगड मारतो. पुढं तुझा हत्ती गेला, मग दुसरा गेला, ते रडगाणं राहू दे. आता शेवट बघ. तुझा राजा एकटा, ह्या कोपऱ्यात. माझा राजा त्याच्या समोर, मधी एक घर सोडून. राजाला लागून माझं प्यादं. आणि वजीर मोकळा, मैदान मारल्यासारखा. मला काय करायचं होतं? वजीर सरकवायचा. एक चाल, आणि मात. डाव जिंकला म्हंजे स्पर्धा जिंकली, आणि स्पर्धा जिंकली म्हंजे गिरणीच्या संघात जागा, कापडाच्या घड्या घालतात त्या घडी खात्यात कायमची नोकरी — गिरणीचे साहेब आधीच बोलून बसले होते, पयला येईल तो आपला. ती मात हॉलात भिंतीला टेकलेल्या लोकांना दिसत होती. कपबशा उचलणाऱ्याला दिसत होती. मग मी काय केलं? वजीर मागं घेतला.

हसू नको. का घेतला, तेच तर सांगतोय. आमच्या वळसंगला पारावर कोळशानं पट आखलेला हाय, आणि तितला कायदा तात्याचा. वजिरानं मात केली तर तिला मात म्हणत न्हाईत, खाटकाचं काम म्हणतात. हत्तीनं केली, तर ठीक. प्याद्यानं केली तर ती खरी मात — आख्खा पार उठून बघायला येतो. आणि समोरच्याचा राजा शह न लागता कोंडला, हलायला जागा उरली न्हाय, तर कोंडणाऱ्यानं आपली चाल मागं घ्यायची, दुसरी करायची. संपलं. हे म्हातारे जल्मभर आसंच खेळले, आणि सगळ्या जगात आसंच खेळतात म्हणून आमाला शिकवलं. त्यांचं सगळंच तसलं — जगाचे कायदे बदलून गेले, ह्यांना कुणी कळवलं न्हाय, आणि कळवलं आसतं तरी त्या कळवणाऱ्यालाच ह्यांनी शेतीतलं ज्ञान शिकवून परत लावला आसता.

तर वजीर मागं घेतला आणि तिरका लावला, आसा — की तुझा राजा जागचा हलू नये, आणि पुढच्या चालीला मी प्यादं सरकवून मात करावी. लई देखणी मात, बघ. फकस्त मधी तुझी एक चाल होती, आणि तुला हलायला जागाच मी ठेवली न्हाय. शह न्हाय, चाल न्हाय. पंच म्हणले, डाव बरोबरीत. अर्धा गुण तुला, अर्धा मला, आणि तुझे आधीचे जास्त. झालास तू पयला. शिकायचं आसल तर हे शीक — जिंकलेला डाव आधी संपवायचा, नटवायचा न्हाय.

काय? शह न लागता कोंडला की बरोबरी, हा कायदा ठाऊक नव्हता का? आरं, पंचांनी सकाळी सगळ्यांसमोर वाचून दाखवला की. — न्हाय, झोपलो नव्हतो. ऐकला होता. ऐकला होता म्हणतोय ना, परत परत काय विचारतोस? पण तात्या मागं उभा होता. वळसंगनं एस्टीनं आलेला, धुतलेला पटका बांधून. त्या माणसानं मला कधी शाब्बास म्हणलं न्हाय. मॅट्रिक झालो तवा म्हणला, आता बैलं कोण बघणार. वजिरानं मात केली आसती तर तितंच, सगळ्यांसमोर नाक मुरडलं आसतं त्यानं. आणि प्याद्यानं केली आसती तर — मला त्याचं तोंड बघायचं होतं, बस. पट सोडून मी मागं बघत होतो. आसला खेळाडू मी.

आणि पंच बरोबरी म्हणल्यावर तात्या पुढं आला. हात जोडून. "साहेब, पोराची चूक झाली, चाल मागं घिऊ द्या की. आमच्यात देतात." आख्खा हॉल हसला. तूबी हसलास. — हसलास, मी बघितलं, आसू दे. मीबी हसलो. सगळ्यांपेक्षा मोठ्यानं. म्हणलो, "तात्या, हे काय वळसंग हाय व्हय?" त्यानं माझ्याकडं बघितलं, पटका सारखा केला. "न्हाय बाबा, वळसंग न्हाय," म्हणला, आणि चहा न घेता स्टँडकडं चालत गेला.

आता मी गावाला गेलो की पारावर जातो. तो रामहरीसंगं खेळतो, शरणप्पासंगं खेळतो, दोघांनाबी सगळ्या चाली सांगत सांगत हरवतो. मी समोर बसलो की मोहरी पिशवीत भरतो. ऊन झालं म्हणतो. पाराला सावली आसली तरी.

उचल तुझा पट. गिरणीचा भोंगा झाला, तुझी पाळी आसल, आणि मला टॉवेलच्या गाठी अक्कलकोट रोडला पोचवायच्यात. जा.

नोकरी गेली, आणि तात्या माझ्यासंगं खेळत न्हाय.