मोहनचा जीव बुटांत अडकला होता

मंडळी, मागे उभे आहात ते पुढे या, खुर्च्या रिकाम्या आहेत. वेंटवर्थव्हिलहून, पेंडल हिलहून, कुणी शिफ्ट बदलून आलात. काय बोलू? माईक घेतलाय खरा, पण सवय नाही. मोहन असता तर म्हणाला असता, लवकर आटप, लोकांना भूक लागलीय.

एक सांगते, वाईट वाटून घेऊ नका. मला सुटल्यासारखं वाटतंय. हो, सुटल्यासारखं. नवरा गेला आणि ही रडत नाही, म्हणून कुणीकुणी माझ्याकडे बघतंय, दिसतंय मला. रडून झालंय माझं. तो होता तेव्हाच रडले, कारण त्याचे हाल बघवत नव्हते.

मोहन बूट करायचा. काऊबॉय बूट, उंच, हाताने शिवलेले. मगरीचे, शहामृगाचे, कांगारूचे. युनीत शिकत असताना एका म्हाताऱ्या गोऱ्या कारागिराकडे पार्ट-टाइम लागला. त्याच्या मुलांना तो धंदा नको होता, म्हणून दुकान ह्याच्याकडे आलं. इंजिनिअरिंग राहिलं बाजूला. सासूबाई मात्र शेवटपर्यंत सांगायच्या, आमचा मोहन डिझाइनमध्ये आहे. अस्तरं मी शिवायचे, कांगारूचं कातडं मी शिवायचे. फक्त मगरीला हात लावणार नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं. अंगावर काटा येतो माझ्या. तो म्हणायचा, नो वरीज, मगर माझी.

मग कॅन्सर निघाला. शेवटी त्याला घरी आणलं, लाउंजमध्ये कॉट लावली. डॉक्टर म्हणाले, आता कधीही. पण सुटका होईना. पुण्याहून वन्सं फोनवर म्हणाल्या, कशात तरी जीव अडकलाय त्याचा, विचारून घे. मॉसन लेक्सहून विमानाने निरंजन आला, आमचा मुलगा. उशाशी बसला. गंगाजल घालून झालं. श्रीखंड हवं का विचारलं. निरंजनच्या लग्नाचं मनात आहे का विचारलं. ह्याने कंटाळून डोळे मिटले. मग म्हणाला, "जोनचे बूट."

कर्म माझं! आम्ही गंगाजल घालतोय आणि ह्याचा जीव बुटांत.

ही बघा जोन, पहिल्या रांगेत. गुरांच्या मोठ्या फार्मवर, इथल्या भाषेत स्टेशनवर, काम करते. घोडा पायावर पडला, तेव्हापासून हिला दुकानातला बूट होत नाही. मोहनने हिच्या पायाचा लाकडी साचा केला, कातडं आणलं, आणि आडवा झाला. मगरीच्या पोटाचं एकच कातडं. दोन्ही बुटांचे पुढचे तुकडे त्यातूनच, शेजारी शेजारी कापायचे, तरच खवले जुळतात. कापायची रापी चुकली की कातडं गेलं. आणि ह्याच्या हातात पाण्याचा पेला राहत नव्हता.

निरंजन म्हणाला, आई, मी कापतो. त्याला शर्टाचं बटण लावता येत नाही. मग काय, रापी मीच घेतली. कॉटवरच्या टेबलावर कातडं पसरलं, मोहनने थरथरत्या बोटाने रेघ दाखवली. मी रापी टेकवली आणि परत उचलली.

"घाबरू नकोस," तो म्हणाला. "श्वास सोडताना काप."

कापलं. त्याने दोन्ही तुकडे जवळ धरून बघितले आणि हसला. कित्येक दिवसांनी हसला हो.

पुढची शिवण मला येत होती. टाचा निरंजनने ठोकल्या, बापाच्या शिव्या खात. मग जोनला बोलावलं. मोहनची रीत तुमच्यातल्या काहींनी पाहिली असेल. गिऱ्हाईक नवे बूट घालून चाललं की हा बघायचा नाही, डोळे मिटून ऐकायचा. टाच कशी पडते त्यावरून त्याला कळायचं. आमच्या लाउंजच्या लाकडी फरशीवर जोन गेली, परत आली. लंगडणं जवळजवळ नाहीच. डोळे न उघडता तो म्हणाला, "बसले."

त्याच दुपारी गेला. झोपेत. कपाळावर एक आठी नव्हती. आता सांगा, मी कशाला रडू?

दाराबाहेर तुम्हा सगळ्यांच्या चपला आहेत. जोनला मात्र मीच म्हटलं, तू काढू नकोस, घालूनच आत ये. आता आपण उभे राहू या. ती फुलं घेऊन फोटोपर्यंत जाईल. तोवर कुणी बोलू नका. डोळे मिटा आणि नुसतं ऐका, मोहन ऐकायचा तसं.

जोन, कम ऑन, मेट. चाल.