सुध्याच्या आईची सही

बदलीविरुद्ध कोर्टात जाताय? मग आधी आमच्या सुध्याचं ऐका. बँकेत माझ्या शेजारच्या टेबलावरचा अधिकारी. बदली झाली नाशिकहून थेट आसामला! भडकला आणि वकिलाकडून अर्ज लिहून घेतला, ‘आई अंथरुणाला खिळली आहे, मलाच सगळं करावं लागतं.’ आईंना सांगितलं फक्त, ‘एक सही हवीय.’

वकिलाचं ऑफिस नाशिकच्याच द्वारका चौकात, चौथ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. आम्ही दोघं धापा टाकत पोचलो, तर आई आधीच येऊन वकिलाशी गप्पा मारत बसलेल्या.

वाचून दाखवल्याशिवाय सही नाही, असं आईंनी बजावलं, तेव्हा वकिलाने नाइलाजाने अर्ज वाचून दाखवला. आईंचे डोळे भरून आले. म्हणाल्या, "अरेरे, कोण हो ही बिचारी? आणि हिचा मुलगा कुठे उलथलाय?"