उत्रोलीची गाडीवाट आणि कोंडिबा कोतवाल

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, उत्रोलीच्या सरपंच रत्नाताई. व्यासपीठावर बसलेल्या आपल्या तलाठी सोनिया मॅडम. आज कोतवालपदावरून निवृत्त होणारे सत्कारमूर्ती कोंडिबा. शाल अंगावर पडल्यापासून ज्यांनी एकदाही मान वर केलेली नाही त्या त्यांच्या सौभाग्यवती रतनबाई. आणि पंखे दोनच असूनही शांत बसलेल्या बंधुभगिनींनो,

मी नारायण. भोरला तीस वर्षं भूगोल शिकवला आणि निवृत्तीनंतर इथल्या 'तोरणा दर्शन' वसाहतीत घर बांधलं. आमच्या वसाहतीतून तोरणा दिसत नाही. तो बघायला वेल्ह्याला जावं लागतं. असो.

कोंडिबांवर बोलायला वसाहतीच्या सचिवालाच का उभं केलं असेल? माझा अंदाज असा, की छत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांना सगळ्यात जास्त त्रास कुणी दिला याची आधी गावात चौकशी झाली असावी.

मी आलो तेव्हा चारी बाजूंनी भातखाचरं होती. मग दहा वर्षांत पाच वसाहती उठल्या. प्रत्येकीला एक कमान, एक रस्ता, आणि रस्त्याच्या शेवटी भिंत. शेजारच्या वसाहतीतल्या मित्राला हाक मारली तर ऐकू जाते, पण त्याच्याकडे चहाला जायचं तर आधी मोठ्या रस्त्याला लागायचं आणि मग उलटं फिरून यायचं. तोवर त्यानं चहा पिऊन कप विसळलेला असतो.

आमच्या मागच्या बाजूनं एक जुनी गाडीवाट होती. बैलगाड्या, म्हशी, शाळेची पोरं तिथूनच जायची. शाळा जेमतेम एक किलोमीटर. पण एका म्हशीनं माझी शेवंती खाल्ली, आणि मी सुरक्षिततेचा मुद्दा काढला. ठराव एकमतानं झाला. वाटेवर आडवी सहा फुटी भिंत उभी राहिली. पलीकडच्या अंबूबाईंचा ट्रॅक्टर खाचरात जायचा बंद झाला. त्यांनी तहसील कचेरीत अर्ज केला. सुनावणी झाली, तिथं मी माझं म्हणणं मांडलं. तरीही गावनकाशा बघून निकाल लागला: वाट मोकळी करा. तशी नोटीस माझ्यावर बजावायचं काम आलं कोंडिबांकडे.

ते पहिल्यांदा आले तेव्हा मी न्हाणीघरात गेलो आणि तासभर तिथंच राहिलो. दुसऱ्यांदा मी दाराआडूनच म्हणालो, "नारायणराव घरात नाहीत."

कोंडिबा बाहेरून म्हणाले, "बरं. आले म्हंजी त्यास्नी सांगा, तुमच्याच आवाजाचा एक माणूस घरात शिरलाय. लक्ष ठिवा म्हणावं."

हसू नका, रत्नाताई. तुम्हाला हे आधीच माहीत होतं, हे मला आज कळतंय.

तिसरी खेप मार्चात. माझी नात मैथिली दहावीला होती. बीजगणिताचा पेपर, साडेदहाला वर्गात बसायचं. पावणेदहाला बोअरवेलची गाडी आमच्या कमानीत घुसली आणि अडकली. पुढेही जाईना, मागेही येईना. त्या कमानीची उंची मीच ठरवली होती. चार पोती सिमेंट वाचलं होतं! गाडीखालून माणूस सरपटत बाहेर पडला असता, पण पुढे मोठ्या रस्त्यानं चार किलोमीटर. एसटी गेलेली, रिक्षा नाही. दहा वाजून गेले. पोरगी रडायला लागली. आमच्या सौभाग्यवतींनी, सुलूनं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तीस वर्षं भूगोल शिकवलात ना? दाखवा आता रस्ता."

मी स्टूल घेऊन भिंतीकडे पळालो. वर चढून पाहतो, तर पलीकडे कोंडिबा! हातात खळीचा डबा. मी सापडत नाही म्हणून नोटीस भिंतीलाच डकवायला आले होते. मी वरूनच ओरडलो, "कोंडिबा, मैथिलीचा पेपर—"

मला वाटलं, आता हे म्हणतील, आधी सही करा. मी असतो तर म्हणालो असतो.

ते म्हणाले, "आदी पोर द्या हिकडं. कागुद कुठं पळतुया?"

अंबूबाईंनी खाचराकडेची शिडी आणून लावली. मैथिली पॅड छातीशी धरून भिंतीवर चढली आणि पलीकडे उतरली. शिडी धरल्या धरल्या अंबूबाई म्हणाल्या, "गुर्जी, भित लई उच झालिया व्हय?" कोंडिबांनी मैथिलीला आपल्या फटफटीवर मागं बसवलं आणि त्याच गाडीवाटेनं सात मिनिटांत शाळेत पोचवलं. प्रवेशपत्राला तेवढी खळ लागली होती. ते पेपरभर बाकाला चिकटून बसलं.

कोंडिबा परत आले तेव्हा मी स्टुलावरच उभा होतो. म्हटलं, "द्या ती नोटीस." भिंतीवर कागद ठेवून सही केली. पुढच्या रविवारी भिंत पाडली. पहिला घाव सुलूनं घातला. आज त्या वाटेनं दूध येतं, पोरं शाळेला जातात, आणि शेजारच्या वसाहतीनंही आपली भिंत फोडून वाट जोडून घेतली. तिकडचा चहा आता मला गरम मिळतो.

इथं थांबलो तर भाषण गोड होईल. पण एक गोष्ट राहिली.

मघाशी म्हणालो, सुनावणीत मी माझं म्हणणं मांडलं. काय मांडलं? मी म्हणालो, "तिथं वाट होती हे मला ठाऊकच नव्हतं." हजारो मुलांना नकाशावाचन शिकवलेल्या माणसानं हे सांगितलं. आणि कचेरीच्या दारात कोंडिबा उभे होते. मी प्लॉट बघायला आलो त्या दिवशी मला त्याच वाटेनं घेऊन आले होते ते. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मग ते छताच्या पंख्याकडे पाहत राहिले. बाहेर आल्यावर मी विचारलं, "बोलला का नाहीत?" म्हणाले, "म्या कोतवाल हाय, सर. साहेबांनी इचारल्याबिगर बोलायचं न्हाई. चला, च्या घिऊ." चहाचे पैसेही मला देऊ दिले नाहीत.

अंबूबाई, तुमची दोन वर्षांची पेरणी त्या भिंतीपायी अडली. मी खोटं बोललो होतो. भाषण संपताना चुकीची माफी मागायची रीत आहे म्हणून नव्हे. ही चूक खरोखरच झाली, तिची मी या सभेपुढे माफी मागतो.

आयोजकांचे, ग्रामपंचायतीचे आणि आपणा सर्वांचे मनापासून आभार. माझ्यानंतर माईक सत्कारमूर्तींकडे जाणार आहे. कोंडिबा, आज तुमची नोकरी संपली. आता कुणी विचारायची वाट बघू नका. माझ्याबद्दल जे बोलायचं ते बोला. मी पहिल्याच रांगेत बसतो.